घरे पाडली, प्रश्न उभाच!

शहरातील लेबर कॉलनीच्या ३३८ सरकारी घरांवर ११ मे २०२२ रोजी बुलडोझर फिरला. सरकारी निवासस्थान वारसाहक्काने मिळत नसते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु निवृत्तांचा मुक्काम वर्षानुवर्षे मुकाट्याने पाहणारे शासन निर्दोष कसे? वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी तेच शासन ५०० चौरस फुटांची घरे देते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. तेथील रहिवासी भाडेकरू, येथील मुदत संपलेले कर्मचारी, हा भेद खराच. पण त्या भेदाने वृद्धांच्या डोक्यावर छप्पर येत नाही. क्रांती चौकातील घोषणांनीही ते येणार नाही. यापुढे आधी निवाऱ्याचा लेखी निर्णय, मगच पाडापाडी, हाच न्याय होय!