हंडा वाहणारी मुलगी आळशी कशी?

शाळकरी मुलांची हालचाल मोजणारी, जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठात तयार झाली. गेल्या ७ दिवसांत काय व किती वेळा खेळलो, हे मुलाने आठवून लिहावयाचे आणि त्यावरून १ ते ५ गुण काढावयाचे. मूळ यादीत आइस हॉकी आणि स्केटिंगही आहे.

बुलढाणा जिल्ह्यात ती आणताना आइस हॉकी खोडून कबड्डी, लंगडी लिहिली की काम भागले, असे मानणे भाबडेपणाचे होय. खरी अडचण भाषांतराची नाही. यादीमागच्या कल्पनेची आहे. तिला फावल्या वेळचा खेळ दिसतो, घरचे व शेतातले कष्ट दिसत नाहीत. संग्रामपूरकडील खारपाण पट्ट्यात हंडा वाहणारी किंवा दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणारी मुलगी या कागदावर आळशी ठरते!

मग हंड्यालाही गुण द्यावेत काय? मुळीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल सांगितली आहे. ती कष्टांतून भरून निघाली, तरी त्या मुलीच्या वाट्याला खेळ येत नाही. गुणांच्या बेरजेत हा अन्याय झाकला जाईल.

म्हणून कष्ट व खेळ यांचे रकाने वेगळे ठेवावेत, प्रश्न मुलांच्या वऱ्हाडी बोलीत पारखावेत आणि काही मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारे यंत्र आठवडाभर बांधून उत्तरे ताडून पाहावीत. एवढे केल्याविना काढलेल्या आकड्यांवर शाळांची धोरणे ठरू नयेत.