चालत्या आज्ञावलींत नवा वर्ग

'वर्ग' हा शब्द उच्चारतांच आमच्या विद्यार्थिमित्रांच्या डोळ्यांपुढें बांकें व फळा उभा राहतो. संगणकशास्त्रांत मात्र वर्ग म्हणजे वस्तूचा सांचा होय. एका सांच्यांतून अनेक विटा निघाव्या, तशा एका वर्गापासून अनेक वस्तु निर्माण होतात. नॉर्वेंतील ओले-योहान डाल व क्रिस्टन नीगार्ड यांनीं 'सिम्युला ६७' या भाषेंत ही कल्पना प्रथम रुजविली.

वर्ग आधीं लिहून ठेवावा व मग आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, चालवावी, अशी सामान्य रीत आहे. परंतु पायथॉनसारख्या भाषेंत आज्ञावली चालूं असतांनाच नवा वर्ग घडवितां येतो. वर्गाचें नांव, त्याचे पूर्वज वर्ग आणि त्याचे गुण व क्रिया, अशा तीन गोष्टी 'टाइप' यास दिल्या कीं नवा सांचा तयार! ही शक्ति तरुण मनास भुरळ घालते, यांत नवल नाहीं.

ती निरुपयोगी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. एखाद्या कोष्टकांत कोणते रकाने आहेत हें तें उघडल्यावरच कळणार असेल, तर त्याचा सांचा आधीं लिहिणार कसा? २००८ सालीं पायथॉनच्या २.६ या आवृत्तींत आलेलें 'नेमडटपल' हें साधन रकान्यांचीं नांवें घेऊन असाच वर्ग बनवून देतें.

परंतु जें आधींच ठाऊक आहे, तें स्वच्छ लिहूनच ठेवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. चालतांना घडलेला वर्ग कागदावर कोठेंच दिसत नाहीं. उद्यां दुसरा कोणी दोष शोधूं लागला, तर त्यानें तो पाहावा कोठें?

कित्येक म्हणतील, सारखे दहा वर्ग हातानें लिहिणें म्हणजे कालाचा अपव्यय होय. त्यांस आमचें उत्तर असें कीं, पहिली ते दहावी अशा दहा इयत्तांस दहा सांचे लागतच नाहींत. 'इयत्ता' हा एकच वर्ग लिहून प्रत्येक वस्तूस तिचा क्रमांक दिला म्हणजे झालें. पुष्कळदां नवा वर्ग घडविण्याची हौस ही विचार अपुरा राहिल्याची खूण असते.

पालकांस आमची विनंति आहे. आपल्या पाल्यानें असा चमत्कार करून दाखविल्यास त्याचें कौतुक अवश्य करावें, पण त्याबरोबरच, "हें तुझ्या सोबत्यास वाचून समजेल काय?" असेंही विचारावें. आज्ञावली एकदां लिहिली जाते, पण अनेकदां वाचली जाते, हें ज्यास उमजलें त्याच्या हातीं ही शक्ति खुशाल द्यावी.