गॉलच्या तटावरचा एक तास

‘गॉलला आपले असे काय आहे?’ हा प्रश्न मला तीन वेळा ऐकावा लागला, आणि तिन्ही वेळा विचारणाऱ्याच्या मुद्रेवर उत्तर आधीच लिहिलेले होते. पहिल्यांदा तो आमच्या यात्रेच्या मार्गदर्शकाने विचारला. रामायणातील स्थळांसाठी सहा दिवस राखून ठेवणाऱ्या त्या गृहस्थाने गॉलच्या दारात गाडी थांबवून आम्हांस एक तास बहाल केला : छायाचित्रे काढा, शहाळे प्या, चार वाजता परत या. दुसऱ्यांदा तो एका सहप्रवाशाने विचारला. त्यांस तटाखालचे क्रिकेटचे मैदान तेवढे ओळखीचे वाटले. तिसऱ्यांदा तो परतल्यावर आमच्याच देवळाच्या सभामंडपात एका व्याख्यात्यांनी विचारला, आणि ‘काही नाही’ असे उत्तरही स्वतःच देऊन टाळ्या मिळवल्या. त्या टाळ्यांमुळे हा लेख लिहिणे भाग पडले.

ज्यांनी ते गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर एक भूशिर समुद्रात शिरले आहे. १५८८ साली पोर्तुगीजांनी तेथे लहानसा कोट बांधला. तोही मुख्यतः जमिनीच्या अंगाने. १६४० मध्ये डचांनी तो जिंकला आणि १६६३ नंतर सबंध भूशिराभोवती तट फिरवून चौदा बुरूज उभे केले. जमिनीकडील तीन बुरुजांची नावे सूर्य, चंद्र आणि तारा अशी आहेत. आपल्याकडील एखाद्या इनामपत्रातील आचंद्रार्क शब्दाची आठवण व्हावी अशी. १७९६ मध्ये इंग्रज आले. पुढे कोलंबोचे बंदर सुधारल्यावर गॉलचा व्यापार ओसरला, आणि गंमत अशी की या अवनतीनेच गाव वाचले. १९८८ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. जुन्या दरवाजाच्या बाहेरील अंगास इंग्रजांचे राजचिन्ह, तर आतील अंगास डच कंपनीची मुद्रा, तीवर कोंबडा आणि १६६९ हे साल. मालकीचा दस्त दारावरच कोरून ठेवण्याची ही रीत माझ्यासारख्या वकिलास आवडायला हरकत नव्हती. मूळ मालकाचा दस्त तेवढा तेथे दिसला नाही.

तटाच्या आत आजही संसार चालतात. १७५५ चे डच प्रार्थनामंदिर, बुद्धविहार, दुरून चर्चच वाटावे अशी मशीद, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली मुसलमान व सिंहली घराणी. अलीकडे परदेशी धनिकांनी त्यांतील कित्येक घरे विकत घेऊन त्यांच्या खाणावळी केल्या, हेही खरे. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्र खवळून आला तेव्हा तटाबाहेरील बाजार आणि मोटारतळ उद्ध्वस्त झाले. तटाच्या आतील वस्ती बहुतांशी सुरक्षित राहिली. जिंकणाऱ्याने स्वतःसाठी बांधलेली भिंत साडेतीन शतकांनी जिंकलेल्यांच्या नातवंडांना वाचवते, हे एक तास थांबणाऱ्यास कोण सांगणार? आणि डच गेले तरी त्यांचा कायदा गेलेला नाही. रोमन-डच कायदा आजही श्रीलंकेच्या न्यायालयांत आधाराला घेतला जातो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता ज्यांच्या वारसाहक्कांत आणि विवाहांत अजून जिवंत आहे त्या गोमंतकीयांना तरी हे परके वाटू नये.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. आक्षेप असा : देवळे फोडणाऱ्यांच्या कोटाचे आपण कौतुक का करावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी १५६० साली मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला नेले, त्यांच्या घरी ही वेदना अजून नैवेद्याइतकी नित्याची आहे. पण मग त्या वेदनेचा माग गॉलपर्यंत काढण्याचे कष्ट तरी घ्यावेत! सिंहलद्वीपातील पोर्तुगीज कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली होता. जाफन्याहून लुटून आणलेला, बुद्धाचा म्हणून पूजिला जाणारा दात १५६१ मध्ये गोव्यातच कुटून जाळण्यात आला. पेगूच्या राजाने देऊ केलेले प्रचंड द्रव्यही नाकारण्यात आले. खरा दात सुखरूप राहिला, असे सिंहली लोक मानतात आणि कँडीला त्याची पूजा चालू आहे. मंगेशाला पैलतीरी नेणाऱ्यांच्या वंशजांना ही श्रद्धा समजावून सांगावी लागेल काय?

आणि गॉलपासून किनाऱ्याने सुमारे ५० किलोमीटरवर, बेटाच्या दक्षिण टोकाशी, देवीनुवर आहे. नावाचा अर्थच देवांचे नगर. १३४४ च्या सुमारास इब्न बतूता तेथे आला आणि एका भव्य देवळाचे, त्यातील सुवर्णमूर्तीचे, तिच्या सेवेतील सहस्रावधी ब्राह्मण-योग्यांचे वर्णन करून पुढे गॉलला गेला. १५८८ साली, म्हणजे गॉलला पहिला कोट उठला त्याच वर्षी, पोर्तुगीजांनी ते देऊळ जमीनदोस्त केले. आज तेथे विष्णूचे देवालय आहे आणि त्याची पूजा सिंहली बौद्ध करतात. आमच्या गाडीचा रस्ता त्या बाजूला वळलाच नाही.

या देवळाची सर्वांत विश्वसनीय साक्ष सापडली ती मात्र गॉलमध्ये. १९११ साली तेथे एका मोरीवर झाकण म्हणून घातलेली शिळा उलटली, तेव्हा तिच्यावर चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांतील लेख आढळला. चीनच्या सम्राटाच्या वतीने सेनापती झेंग ह याने आणलेली ती शिळा, लेखावरचा काळ १४०९ चा. चिनी लेखात बुद्धाला, फारसीत अल्लाला आणि तमिळमध्ये तेनवरै नायनार या देवाला केलेल्या दानांची यादी आहे : सोने, रुपे, रेशीम, तेल. तिन्ही याद्या जवळजवळ सारख्या. तेनवरै म्हणजे हेच देवीनुवर, आणि हा देव विष्णूचेच रूप, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. या दानशूरपणाने कोणी भारावून जाऊ नये. त्याच झेंग हने १४११ च्या सुमारास तेथील राजालाच पकडून चीनला नेले. परंतु परकीय दरबारास एका देवाची दखल घ्यावीशी वाटली आणि ती त्याने दगडावर कोरून आणली, हे कोणत्याही न्यायालयात उभे राहील. शिळा आज कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आमच्या यात्रेने कोलंबोत खरेदीसाठी चार तास दिले होते.

मग आम्ही काय पाहिले? गॉलच्या आखातापलीकडे रुमस्सल नावाची टेकडी आहे. हनुमंताने नेलेल्या द्रोणागिरीचा एक तुकडा तेथे पडला, अशी कथा आहे. मार्गदर्शकाने तटावरून बोट दाखवले, सर्वांनी हात जोडले, मीही जोडले. कथेशी माझे भांडण नाही. श्रद्धेला साक्षीदार लागत नाहीत, तिची उलटतपासणीही होत नाही. तेच तिचे बळ. पण ज्याला जगापुढे ‘आमचे देऊळ होते आणि ते पाडले गेले’ असे म्हणायचे आहे, त्याने टेकडीकडे हात जोडून भागत नाही. त्याला शिळा वाचावी लागते. आम्ही दाव्यात वादी म्हणून मोठ्याने बोलतो आणि पुराव्याच्या दिवशी गैरहजर राहतो.

कोणी म्हणेल, मोरीवर शिळा घातली ती परक्यांच्या राजवटीत. होय. पण आपल्या हातून काय घडते? काही वर्षांपूर्वी एका देवस्थानातील मानपानाच्या वादात मला कागद पाहण्यास बोलावले होते. कागदांत नव्हते ते दगडावर असल्याचे एका वृद्ध पुजाऱ्यांनी सांगितले. जीर्णोद्धारापूर्वी प्रदक्षिणेच्या वाटेत कोरीव अक्षरांची एक शिळा होती. ती कोठे गेली? ती तेथेच आहे. अक्षरे खाली करून बसवली आणि वरून गुळगुळीत फरशी घातली, कारण उघड्या पायांना ती खडबडीत लागत असे. हे पोर्तुगीजांनी केले नाही. ठराव मराठीत आहे, त्यावर सर्व सभासदांच्या सह्या आहेत. वीरगळांना तैलरंग फासणारे, जुने खांब विकून संगमरवर आणणारे हात कोणाचे, हे वाचकांनी आपापल्या गावी पाहावे. फार लांब जावे लागणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लंकेची यात्रा काढणाऱ्या देवस्थानांनी गॉलला एक दिवस द्यावा, एक तास नव्हे. सकाळी तटावरून पायी पूर्ण फेरी घालावी, मशिदीच्या आणि विहाराच्या दारांत थांबून माणसांशी बोलावे. दुपारी देवीनुवरला जाऊन विष्णूचे दर्शन घ्यावे. आणि कोलंबोत खरेदीचे दोन तास कापून संग्रहालयातील त्या शिळेपुढे उभे राहावे. सोबत तमिळ वाचणारा एखादा असेल तर उत्तम.

ही मागणी मी आमच्या देवस्थानच्या समितीकडे लेखी दिली आहे, आणि तिच्याचबरोबर दुसरी : फरशीखालील शिळा काढून घेणाऱ्या देवस्थानांना आपण काही द्रव्यसाहाय्य करावे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर दोन्ही विषय आहेत. त्यांच्याआधी गर्भगृहाच्या उंबरठ्याला नवा संगमरवर बसवण्याचा ठराव आहे. जुना उंबरठा मी गेल्या आठवड्यात ओला करून पाहिला. डाव्या टोकाला चार अक्षरे स्पष्ट दिसतात.