तारीख, मुदत आणि मोहलत

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना एक गंमत आम्हाला नेहमी जाणवते. मराठी माणूस कोर्टाची पायरी चढला की निम्मे अरबी-फारसी बोलू लागतो. वकील, अर्ज, दावा, फिर्याद, जामीन, हुकूम, तारीख, मुदत हे सगळे शब्द आपल्या घरातलेच. पण शब्द ओळखीचा असला म्हणजे त्याचा कायद्यातला अर्थ कळतोच असे नाही. यातल्या दोन शब्दांची, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या 'मोहलत' या तिसऱ्या शब्दाची, कोरोनाच्या काळात फार मोठी गल्लत झाली. या महिन्यात त्याविषयी बोलू.

तारीख म्हणजे सुनावणीचा दिवस. तो न्यायालय ठरवते आणि न्यायालयच बदलते. मुदत म्हणजे कायद्याने आखून दिलेला काळ. त्याच्या आत अपील, अर्ज किंवा दोषारोपपत्र दाखल व्हायलाच हवे. मोहलत म्हणजे त्या मुदतीत मिळालेली सवलत. महामारीत तारखा पुढे गेल्या, काही मुदतींना मोहलत मिळाली आणि काही मुदती जागच्या जागी राहिल्या. कोणती पुढे गेली आणि कोणती नाही, हे ज्याला कळले तो वाचला. ज्याला कळले नाही, तो 'कोर्ट बंद आहे' असे समजून घरी बसून राहिला.

मार्च 2020 आठवून पाहा. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. त्याच महिन्यात 1897 चा जुना साथरोग कायदा राज्यात लागू झाला आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मुंबई उच्च न्यायालय, त्याची नागपूर, औरंगाबाद आणि गोवा येथील खंडपीठे, जिल्हा आणि तालुका न्यायालये, सगळीकडे काम तातडीच्या प्रकरणांपुरते उरले. जामीन, कोठडी, मनाई हुकूम अशी कामे चालली. बाकीच्यांना पुढची तारीख मिळाली, मग त्याच्या पुढची. नंदुरबारपासून नांदेडपर्यंतचे पक्षकार औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, पास मिळेना. अशा वेळी तारीख पुढे ढकलणे ही पक्षकाराच्या जिवाची काळजीच होती. त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये.

खरा प्रश्न मुदतीचा होता. समजा, एखाद्या शेतकऱ्याचा वाटणीचा दावा मार्चच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या कोर्टात फेटाळला गेला. जिल्हा न्यायालयात अपील करायला कायदा 30 दिवस देतो. निकालाची नक्कल मिळायची तर नक्कल विभाग उघडा हवा आणि वकिलांचे कार्यालय उघडे हवे. दोन्हीला कुलूप. मग या माणसाचा हक्क बुडाला का?

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न कोणी दार ठोठावण्याची वाट न पाहता स्वतःहून हाती घेतला. 23 मार्च 2020 रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या दोन दिवस आधी, त्याने आदेश दिला की 15 मार्चपासून देशातील सर्व न्यायालये आणि न्यायाधिकरणे यांच्याकडे दाद मागण्याची मुदत पुढील आदेशापर्यंत वाढली आहे. 2021 मध्ये ही सवलत एकदा थांबली, दुसरी लाट आली तेव्हा पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली, आणि 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने शेवटचा हिशेब झाला. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या गणतीतून वगळला गेला. ज्यांची मुदत या काळात संपली असती, त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस मिळाले. कोणाची शिल्लक मुदत त्याहून जास्त असेल, तर ती जास्तीची लागू. जवळजवळ दोन वर्षे कायद्याने आपले घड्याळ थांबवून ठेवले.

मुंबई उच्च न्यायालयानेही 26 मार्च 2020 रोजी आपल्या सर्व खंडपीठांना आणि अधीनस्थ न्यायालयांना लागू होणारा आदेश दिला. ज्यांच्याकडे अंतरिम मनाई हुकूम होते ते संपू नयेत, आणि घर खाली करण्याचे किंवा पाडण्याचे आदेश अमलात येऊ नयेत, अशी ती सोय होती. प्रथम 30 एप्रिलपर्यंत आणि मग वेळोवेळी ती वाढत गेली. 'घरातच राहा' असे सांगायचे आणि त्याच वेळी माणसाला घराबाहेर काढायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही, एवढी साधी समज त्यामागे होती.

इथपर्यंत सगळे ठीक. पण घड्याळ थांबवले की ते सगळ्यांच्याच सोयीचे होते असे नाही. दावा करणाऱ्याला वाढीव वेळ म्हणजे दिलासा. कोठडीत बसलेल्याला वाढीव वेळ म्हणजे वाढीव कोठडी.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 167 मध्ये एक महत्त्वाची तरतूद होती, आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. अटक केलेल्या माणसाविरुद्ध पोलिसांनी 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला सोडावेच लागते. टाळेबंदीत पोलीस म्हणू लागले, 'सर्वांचीच मुदत वाढली आहे, मग आमचीही वाढली.' मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात मे 2020 मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, दोन न्यायमूर्तींनी यावर उलटसुलट निर्णय दिले. एकाने आरोपीचा हक्क मानला, दुसऱ्याने पोलिसांची वाढीव मुदत मानली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 19 जून 2020 रोजी न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की मुदतवाढीचा आदेश दाद मागणाऱ्यांच्या अडचणीसाठी होता. पोलिसांना माणूस जास्त दिवस डांबून ठेवता यावा यासाठी नव्हता. टाळेबंदी असली तरी राज्यघटनेच्या कलम 21 ने दिलेले स्वातंत्र्य टाळ्यात जात नाही. आरोपीला जामीन मिळाला.

आमच्या मते महामारीतल्या सगळ्या आदेशांत सामान्य घरांनी लक्षात ठेवावा असा निकाल हाच. कारण तुरुंगाच्या भिंती साथीला अडवत नाहीत. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात कैद्यांना आणि कर्मचाऱ्यांना मोठ्या संख्येने लागण झाली होती. गर्दी कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्चलाच प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले होते आणि महाराष्ट्रातही ती नेमली गेली. पात्र कैद्यांना तात्पुरता जामीन किंवा पॅरोल मिळण्याची वाट उघडली. ज्यांच्या घरात अर्ज करणारे कोणी जाणते होते, त्यांना या वाटेवरून चालणे सोपे गेले.

आता घरातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पोटगीचा अर्ज केलेली बाई तारखेला जाते तेव्हा तिच्या पिशवीत कागद असतात आणि डोक्यात किराण्याचा हिशेब. तिची तारीख तीन महिने पुढे गेली म्हणून मुलांचे पोट तीन महिने थांबत नाही. कायदा म्हणतो की अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल, शक्यतो, नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत लागावा. पण हे दिवस कागदावर वेगळे आणि कोर्टाच्या बोर्डावर वेगळे असतात, हे तारखा मोजणाऱ्या प्रत्येक बहिणीला माहीत आहे.

याच महामारीच्या वर्षात, 4 नोव्हेंबर 2020 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत मोठी गोष्ट केली. पोटगी अर्ज दाखल केलेल्या तारखेपासून द्यावी, निकालाच्या तारखेपासून नव्हे, असे त्याने देशभरातील न्यायालयांसाठी ठरवून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, हेही सांगितले. म्हणजे सुनावणी कितीही पुढे गेली तरी हिशेब अर्जाच्या दिवसापासून चालू. तारखेच्या लांबणीचे ओझे अर्जदार बाईवर पडू नये, ही त्यातली खरी मेख आहे. म्हणूनच अर्ज आज करायचा की 'कोर्ट नीट सुरू झाल्यावर' करायचा, या प्रश्नाचे उत्तर एकच: आज.

दूरचित्र सुनावणीविषयीही बोलायला हवे. 6 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओवरून कामकाज चालवण्याच्या सूचना दिल्या आणि न्यायालये पडद्यावर आली. अनेक वकिलांचा प्रवास वाचला, लांबच्या पक्षकारांचा खर्च वाचला. पण आम्ही शिक्षक त्याच वर्षी ऑनलाइन वर्ग घेत होतो. घरात एकच स्मार्टफोन, तोही वडिलांसोबत कामावर गेलेला, ही हकीकत आम्हाला पाठ आहे. ज्या फोनवर मुलाचा वर्ग, त्याच फोनवर आईची सुनावणी, आणि ती सुनावणीही ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच घरात बसून. अशी बाई मोकळेपणाने काय बोलणार? पडद्यावरची सुनावणी चांगली सोय आहे. मात्र तिच्यासाठी स्वतंत्र खोली, चालू इंटरनेट आणि ऐकणारा कान लागतो. तो नसेल तर पक्षकाराने आपल्या वकिलामार्फत प्रत्यक्ष हजर राहण्याची परवानगी मागावी.

साथ पुन्हा येईल की नाही, हे अल्लाह जाणे. पण पूर, संप, निवडणूक, बदल्या, अशा कारणांनी तारखा पुढे जातच असतात. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने जाणून घ्याव्यात.

तारीख पुढे गेली की तोंडी निरोपावर विसंबू नये. प्रत्येक प्रकरणाला 16 अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि आधीचे आदेश दिसतात. हा क्रमांक वकिलांकडून घेऊन घरातल्या वहीत लिहून ठेवावा. नववी-दहावीतली मुलगी हे काम पाच मिनिटांत करून देईल.

पोटगीचा हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत, तर वॉरंटद्वारे वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. 'आज ना उद्या देईल' या सब्रमध्ये हे वर्ष निघून जाते.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिलांना, मुलांना आणि कोठडीतील व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्याचे कार्यालय असते, आणि 15100 या क्रमांकावर फोनही करता येतो.

आणि घरातले कोणी अटकेत असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कोठडी दिली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि तिच्यापासून 60 वा व 90 वा दिवस मोजून खूण करावी. त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी वकिलांना विचारावे, 'दोषारोपपत्र आले का?' दोषारोपपत्र येण्याआधी जामिनाचा अर्ज द्यावा लागतो. ते दाखल झाले की हा हक्क हातातून जातो.

तारीख देणे न्यायालयाच्या हाती आहे. मुदत मोजणे आपल्या हाती आहे, आणि ती मोजायला पाचवीपर्यंतचे गणित पुरते.