गाडीचे पान
आमच्या दारात विजेची मोटार आली आणि घरात एक पान वाढले. माणसांच्या पानांचा हिशेब सौभाग्यवतीला तोंडपाठ असतो. मोटारीच्या पानाचा हिशेब माझ्याकडे आला आणि मी तो चुकवला.

चिरंजीव इंग्लंडात असतात. त्यांनी फोनवर सांगितले, "बाबा, गाडी रात्री चार्ज करा. रात्रीची वीज स्वस्त." तिकडे ते खरेच आहे. रात्रीच्या सात तासांची ‘इकॉनॉमी सेव्हन’ ही दरयोजना तिथे 1978 सालीच सुरू झाली. मी ते वेदवाक्य मानून रोज रात्री दहाला तार जोडू लागलो.

गेल्या वैशाखात एका दुपारी घरी आलो, तर ही पंखा बंद करून पदराने वारा घेत भाजी निवडत बसलेली!

"अहो, युनिटं तीनशेवर गेली की सगळंच बिल महाग होतं. आजवर मी जाऊ दिली नाहीत. आता गाडीचंही खाणं आहे ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या रात्री जुनी बिले घेऊन बसलो.

वाचकहो, उमजले ते असे. घरगुती विजेचे आपल्याकडे टप्पे आहेत: 100 युनिटांपर्यंत, मग 300, मग 500 आणि त्यापुढे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. 301 वे युनिट मागच्या तीनशेंना महाग करीत नाही. हिची भीती खोटी होती.

पण माझा हिशेबही खोटाच. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून मी गाडीचा खर्च काढीत असे. घराला 250 युनिटे लागतात. गाडी महिन्याला 600 किलोमीटर फिरते. युनिटाला सहा किलोमीटर धरले तर 100 युनिटे झाली. ती घराच्या डोक्यावर बसतात: निम्मी दुसऱ्या टप्प्यात, निम्मी तिसऱ्यात. पहिला स्वस्त टप्पा गाडीच्या वाट्याला येतच नाही.

वेगळा मीटर घेतला तर टप्प्यांची कटकट नाही; पण त्याचा स्थिर आकार गाडी उभी असली तरी भरावा लागतो. थोडे फिरणाऱ्याला तो जड.

राहता राहिली वेळ. इंग्लंडात रात्री मागणी घटते, म्हणून वीज स्वस्त. आपल्याकडे दुपारी सूर्य वीज देतो. 2023 च्या केंद्रीय नियमांनी उन्हाच्या तासांचा दर कमी ठेवायचे ठरवले. आमच्या स्मार्ट मीटरला सकाळी नऊ ते पाच सवलत मिळते, आणि नेमकी तेव्हाच आम्हा निवृत्तांची गाडी दारात उभी! बिल हाती होते, वाचले मात्र नव्हते.

शेवटी पंख्याचा हिशेब केला. पंचाहत्तर वॉटचा पंखा, दुपारचे चार तास, महिन्याला नऊ युनिटे. हिने महिनाभर घाम गाळून वाचवले ते गाडीचे चोपन्न किलोमीटर!

आता मी सकाळी अकराला गाडीला तार जोडतो, पण आधी हिचा पंखा लावतो. माझी पाठ वळली की ही तो बंद करते. इतक्या वर्षांची सवय. तिच्यावर कोणत्याही दरपत्रकात सवलत नाही.