हरलेल्या बादशहाची सोंगे



मागे एका गावी पीक प्रात्यक्षिकासाठी गेलो होतो. ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच उरकली होती. चावडीसमोरच्या भिंतीवर पोरांनी पडलेल्या उमेदवाराचे चित्र कोळशाने काढले होते. गाढवावर उलटे तोंड, गळ्यात खेटरांची माळ. येणारा-जाणारा हसत होता. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "परवापर्यंत ह्याच्याच दारात चहा पीत व्हता की रं समदे!"

मला एकदम रशियातली जुनी चित्रे आठवली. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात ती पाहिली होती. तीही हरलेल्या माणसाचीच होती, फक्त माणूस फार मोठा होता. फ्रान्सचा बादशहा नेपोलियन! आणि त्याची फटफजिती करणारे चित्रात कोण, तर साधे शेतकरी. म्हणून आज पिकाची गोष्ट बाजूला ठेवून ही सांगतो.

१८१२ च्या जून महिन्यात नेपोलियन रशियावर चालून गेला. मागून आलेल्या कुमका धरल्या तर फौज सहा लाखांच्या घरात. एवढ्या घोड्यांना वैरण आणायची कोठून? उभी हिरवी राय (गव्हासारखे एक धान्य) कापून घोड्यांपुढे टाकली. वरून पावसाची झड. तुम्हा जनावरे राखणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. पोटशुळाने हजारो घोडी पहिल्या काही दिवसांतच आडवी झाली. सप्टेंबरात बादशहा मॉस्कोत पोचला, तर शहर जळून खाक. महिनाभर वाट पाहून ऑक्टोबरात माघारी फिरला. पुढे बर्फ पडले. घोड्यांचे नाल साधे, बर्फात रुतणारे टोकदार खिळे त्यांना नव्हते. घोडी घसरून पडू लागली आणि तोफा वाटेतच राहिल्या. गेलेल्या फौजेतले फार थोडे परत आले.

मग चित्रे निघाली. इव्हान तेरेबेनेव्ह नावाचा पीटर्सबर्गचा एक शिल्पकार त्यात पुढे होता. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओढायचे, तेजाबाने रेघा खोल करायच्या, शाई भरून कागदावर छाप घ्यायचे आणि वर हाताने रंग द्यायचे, अशी ही रीत. एका चित्रात उपाशी फ्रेंच शिपाई कावळा फाडून रस्सा शिजवताहेत. दुसऱ्यात एक शेतकरी पावा वाजवतो, दुसरा हातात चाबूक घेऊन उभा आणि मध्ये बादशहा नाचतो आहे. हे चित्र इतके चालले, की १८१३ मध्ये लंडनच्या जॉर्ज क्रुइकशँकने त्याची नक्कल काढली. इंग्रजांना तर ही करमणूक जुनीच होती. त्यांच्या गिल्रे नावाच्या चित्रकाराने नेपोलियनला वर्षानुवर्षे टीचभर काढले. खरे तर तो साडेपाच फुटांहून थोडा उंचच होता, म्हणजे त्या काळच्या मानाने ठीकठाक. पण चित्राने केलेले बुटकेपण त्याला आजतागायत चिकटले आहे.

आमच्या भगिनींना आवडेल असे एक चित्र व्हेनेत्सियानोव्हचे आहे. स्मोलेन्स्क प्रांतातली वासिलिसा नावाची बाई, गावच्या मुखियाची बायको, म्हणजे आपल्याकडची पाटलीणबाईच म्हणा. फ्रेंच कैद्यांना तालुक्याला पोचवायचे काम तिने केले. एक कैदी ऐकेना, तेव्हा तिने हातातल्या लांब दांड्याच्या विळ्याने त्याला तिथेच लोळवला, अशी तिची कथा सांगतात. चित्रात फ्रेंच म्हणजे भुकेले उंदीर आणि बाई त्यांच्यावर हुकूम चालवते आहे.

पण मला विसरता आले नाही ते चित्र वेगळेच आहे. त्यातला बादशहा नव्हे, शेतकरी लक्षात राहिला. त्याला फ्रेंचांनी धरले आणि आपण बैल डागतो तसे त्याच्या हातावर नेपोलियनच्या नावाचे अक्षर डागले. आता तू आमच्या बादशहाचा, असा त्याचा अर्थ. गड्याने कुऱ्हाड उचलली आणि स्वतःचा तो हात तोडला. ही गोष्ट घडली की रचली, हा वाद बाजूला ठेवू. मोठमोठ्या घरांत लोकांनी हे चित्र पाहिले, वाहवा केली.

आता गंमत पाहा. गंमत कसली, दुःखच ते. परक्याचा शिक्का नको म्हणून हात तोडणारा हा गडी आपल्या गावी कोणाचा होता? जमीनदाराचा! त्या काळी रशियातले कोट्यवधी शेतकरी जमिनीसकट मालकाच्या ताब्यात असत. मालक त्यांना विकू शके, गहाण टाकू शके, पंचवीस वर्षांच्या पलटणीत पाठवू शके. ह्या शिक्क्याचे चित्र मात्र कोणी काढले नाही. काढले असते तर छापले कोणी असते?

लढाई संपल्यावर आपली सुटका होईल, अशी आस पुष्कळ शेतकऱ्यांना होती. विळे, कुऱ्हाडी घेऊन ते उगाच उठले नव्हते. १८१४ च्या ऑगस्टअखेर झारचा जाहीरनामा निघाला. सरदार, सैनिक, व्यापारी, सगळ्यांची आठवण त्यात होती. शेतकऱ्यांच्या वाट्याला एक ओळ आली. त्यांना त्यांचे बक्षीस देव देईल, एवढाच तिचा मतलब.

त्याच सुमारास तेरेबेनेव्हने ह्या चित्रांचे मुलांसाठी अक्षर-पुस्तकही काढले होते. अक्षर शिकता शिकता पोरांनी नेपोलियनला हसायचे. वाड्यांतली पोरे हसली असतील. शेतकऱ्याच्या किती पोरांच्या हाती ते पडले असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. तेरेबेनेव्ह स्वतः १८१५ मध्ये वारला. त्याच वर्षी जूनमध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला.

त्या कुऱ्हाडवाल्या गड्याच्या नातवंडांची सुटका झाली १८६१ मध्ये. तीही फुकट नव्हे. मिळालेल्या जमिनीचे हप्ते सरकारला भरायचे होते, ते माफ झाले १९०७ साली.