सहलीच्या गाडीत झाडू असावा काय?

आपल्या विद्यार्थ्यांची वार्षिक सहल ही सेवायात्रा व्हावी, वाटेतील गावी थांबून त्यांनी श्रमदान करावे, असे मी पालकसभेत सुचविले. तेव्हा एक वयोवृद्ध पालक म्हणाले, "बाबासाहेबांनी आमच्या हातून झाडू सोडविला. तुम्ही तो लेकरांच्या हाती पुन्हा देता काय?"

हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. गावकीची कामे जन्मावरून लादली गेली. त्यांना सेवा म्हणणे हा अपमानच होय. परंतु अतिसाराने पीडित, एकाकी पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वहस्ते स्नान घातले, ते कोणाच्या सक्तीने नव्हे. जमीनदार घराण्यातील बाबा आमटे यांनी वरोऱ्यात सफाई कामगारांसोबत स्वतः मैला वाहिला. डिसेंबर 1985 मध्ये त्यांच्याच 'भारत जोडो' यात्रेत शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाले. पाठीच्या विकारामुळे बाबा मात्र गाडीत पडूनच प्रवास करीत.

म्हणून माझी एक अट आहे. गोरेगावहून अजिंठ्याकडे निघालेल्या गाडीतून झाडू उतरेल, तो शिक्षकांच्या, विश्वस्तांच्या आणि त्या गावच्या सरपंचांच्याही हाती असावा. गावकरी पारावर बसून नुसते पाहणार असतील, तर मुलांनी झाडू खाली ठेवावा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत, वृद्धांना कागदपत्रे वाचून दाखवावीत. (छायाचित्रांची हौस तर आवरावीच.)

त्या पालकांचे पूर्ण समाधान झालेले नाही. सहलीच्या नियोजनाची बैठक दिवाळीनंतर आहे. तिला त्यांनी अवश्य यावे, ही विनंती.